नावाची मोकळी जागा

राणीसरकारने छापील कागदावर कराचा लाल शिक्का बसवला ते साल सतराशे बारा. त्या वर्षी आमच्या ग्रब स्ट्रीटवर माणसांपेक्षा वर्तमानपत्रं जास्त मेली. मी तेव्हा डॉर्कस हॅलटबाईंच्या छापखान्यात जुळारी होतो. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, छापून झालं की त्या मोडून खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे, हे माझं काम. ते करता करता थापा मारायच्या, हे माझं दुसरं काम. त्याचा पगार नव्हता, पण गल्लीत मला ओळखायचे ते त्याच कामावरून. थेम्समधून पोहत आलेल्या आणि लॅटिनमध्ये चारा मागणाऱ्या डुकराची गोष्ट मी सांगितली तेव्हा दोन माणसं त्याला बघायला धक्क्यावर जाऊन आली होती. ही गोष्ट सांगायला बसलो की मात्र लोक म्हणतात, ओबेद, पुरे आता.

आमच्या छापखान्याचं पोट मरणगाण्यांवर चालायचं. शहरातला कोणी नगरशेट आजारी पडला की त्याचं मरणगाणं आम्ही आधीच जुळवून ठेवायचो. सोळा ओळी, भोवती जाड काळी कड, वर कवटी आणि दोन हाडांचा ठसा. नावाची जागा तेवढी मोकळी. नाव शेवटी घालायचं, हा धंद्याचा रिवाज. आधी घातलं आणि माणूस उठून बसला तर अपशकुन त्यालाही आणि आम्हालाही. शिवाय एक वाचला तर तेच गाणं दुसऱ्याला चालायचं. क्रिपलगेटच्या देवळाची मरणघंटा वाजायला लागली की सगळे ठोके मोजायचे. पुरुषाला नऊ, बाईला सहा. घंटेचा शेवटचा आवाज विरेपर्यंत नाव बसलेलं असायचं. एक म्हातारा नगरशेट चार वर्षं मरायला टेकला होता. त्याच्यासाठी केलेलं गाणं तीन जण वापरून गेले, तरी हा आपला खिडकीत बसून ऑयस्टर खातोय.

ही गाणी अँब्रोज लीथ करायचे. मूळचे शाळामास्तर, म्हणून आम्ही त्यांना मास्तरच म्हणायचो. करायचे म्हणजे बोलायचे. कागदाच्या गठ्ठ्यावर बसायचं, हातात पातळ बियरचा पेला, डोळे मिटलेले. ते ओळ बोलायचे आणि मी ती सरळ खिळ्यांत उचलायचो. मूळ लिखाण नाही, नक्कल नाही. घंटेच्या घाईत लागलेली सवय, पुढे तीच पद्धत पडली. ओळ तोंडातून गेली की मास्तर ती विसरायचे. डोक्यात ठेवलं तर सगळी प्रेतं तिथेच मुक्काम करतील, असं त्यांचं म्हणणं. चौदा वर्षांत एकाही कागदावर त्यांनी स्वतःचं नाव घातलं नव्हतं. गाणं मेलेल्याचं, करणाऱ्याचं नाव कोण विचारतो.

त्यांना एकच मुलगी, केझिया. आई नाही. सकाळी ती आमच्याकडे छापलेल्या तावांना घड्या घालायची आणि दुपारी बापाची गाणी रस्त्यावर ओरडून विकायची. घडी घालताना कडेला कड अशी जुळवायची की सुरी फिरवायला नको. आणि आवाज असा, की मूरफील्ड्सच्या मैदानात हाक दिली तर नदीपलीकडे घोडे थांबायचे. बरं, घोड्यांचं सोडा. नदीपर्यंत ऐकू जायचं, एवढं खरं. मास्तरांची टिंगल करण्यात तिला कोणी हरवू शकत नव्हतं. एकदा गठ्ठ्यावर बसलेल्या बापाला म्हणाली, "बाबा, कालचा मेलेला फारच पुण्यवान केलात हो. आजचा जरा पापी करा, खपतो." मास्तरांनी डोळे न उघडता दुसऱ्या ओळीत त्या बिचाऱ्या मिठाच्या व्यापाऱ्याला एक ठेवलेली बाई चिकटवली. हॅलटबाईंनी ती वेळेत काढली म्हणून वाचलो.

हिवाळ्यात केझियाला खोकला लागला. मार्चपर्यंत हाक मैदानाबाहेर जाईना, मग दाराबाहेर जाईना. एप्रिलच्या एका सकाळी घंटा वाजली. आम्ही ठोके मोजले. सहा. सवयीने माझा हात काळ्या कडेकडे गेला. छपाईवाला सायलस क्रॅब, वर न बघता, खिळ्यांना शाई लावायचे गोळे एकमेकांवर घासायला लागला. आणि मग हे सहा कोणाचे ते आम्हा दोघांना एकदमच कळलं. सायलसने गोळे खाली ठेवले. त्या दिवशी छापखान्यात पुढे काही झालं नाही.

अर्ध्या तासात कुठल्याही नगरशेटासाठी गल्लीला रडवणारा माणूस, पण स्वतःच्या मुलीसाठी त्यांच्या तोंडून ओळ निघेना. सबंध मे महिना मास्तर यायचे, गठ्ठ्यावर बसायचे, डोळे मिटायचे आणि पेला तसाच ठेवून उठून जायचे. पहिली ओळ जूनमध्ये आली. मग चार दिवस काही नाही. मग अर्धी ओळ. मी वाचून दाखवू का विचारलं तर मास्तर हात वर करून म्हणाले, "नको. ऐकलं की मी सुधारायला लागेन. आणि सुधारलं की ते नगरशेटाचं होईल." म्हणून मी वाचलं नाही. ओळ आली की उचलायची, आधीच्या ओळींखाली बसवायची, दोरीने घट्ट बांधून खिडकीतल्या फळीवर परत ठेवायची. जुलै संपता संपता सोळा ओळी झाल्या. भोवती कड घातली. नावाचं विचारलं, तर म्हणाले, "शेवटी. रिवाजाप्रमाणे. मी माझ्या हाताने घालीन."

त्यांना काय हवं होतं ते सगळ्या छापखान्याला माहीत होतं. शंभर प्रती. गल्लीतल्या सगळ्या विकणाऱ्या पोरीबायांनी त्या मूरफील्ड्सवर एका वेळी ओरडायच्या. वर तिचं नाव आणि खाली, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःचं. आणि हे सगळं ऑगस्ट लागायच्या आत. पहिल्या तारखेपासून शिक्क्याचा कायदा होता. गाण्यांच्या सुट्या कागदाला तो लागू की नाही याबद्दल गल्लीत रोज भांडणं चालायची, पण मास्तरांना धोकाच नको होता. ते हॅलटबाईंना म्हणाले, "माझी पोर कधी कोणाच्या परवानगीने ओरडली नाही. तिच्या डोक्यावर राणीचा शिक्का नको." बाई नवऱ्यामागे छापखाना चालवणाऱ्या, सहसा विरघळत नसत. पण त्यांनी शब्द दिला. शेवटच्या दिवशी, एकतीस जुलैला, चार वाजता यंत्र तासभर मास्तरांचं.

त्या दिवशी सगळ्या लंडन शहराला एकदम आठवलं की आपलं काहीतरी छापायचं राहिलंय. सकाळी सातपासून दारात रांग. एका पाद्रीबुवांची तीन प्रवचनं. खरजेवरच्या औषधाची जाहिरात. दोन वर्तमानपत्रांचे निरोपाचे अंक, ज्यांत संपादकांनी सरकारला इतक्या शिव्या घातल्या होत्या की आमची उद्गारचिन्हं संपली. निरोपाच्या अंकाची चौकट मोठी आणि जड, तिला उजेड हवा. म्हणून खिडकीतलं केझियाचं गाणं मी स्वतः उचललं आणि मागच्या मांडणीवर ठेवलं, जिथे सहा नगरशेटांची गाणी मरणाची वाट बघत पडली होती. घाईत आहे, पण लक्षात ठेव, असं स्वतःला बजावलंसुद्धा.

अकराच्या सुमाराला खिळे संपले. इंग्रजीत सगळ्यात जास्त लागतो तो 'ई'चा खण खरवडून रिकामा. हॅलटबाई कमरेवर हात ठेवून मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी हुकूम सोडला, की मांडणीवर काळ्या कडेचं जेवढं असेल तेवढं मोडा, उद्यापासून मरणंसुद्धा महाग आहे, कोण विकत घेतोय. मी मांडणीवरचं एकेक गाणं पुढ्यात ओढलं, दोरी सोडली आणि मोडायला लागलो.

खिळे मोडताना डोळे लागत नाहीत. चार शब्द चिमटीत धरायचे, अंगठ्याने एकेक खिळा ढकलायचा, बोटांना खण माहीत असतात. मजकूर उलटा असतो आणि तो कोणी वाचत नाही. तोंड मोकळं असतं. माझं तोंड मोकळं होतं आणि छापखान्यातले सगळे दमलेले, चिडलेले, म्हणून मी त्यांना ग्रीनिचच्या बदकाची गोष्ट सांगायला घेतली. त्या बदकाने एका जुळाऱ्याच्या घरी शिरून खिळ्यांचा अख्खा खण गिळला. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी अंडं घातलं, त्यावर सुबक अक्षरात बायबलचा पहिला शब्द, 'आरंभी'. दुसऱ्या अंड्यावर 'देवाने'. गावच्या पाद्र्याने बदकाला देवळात घेतलं, रोज एक शब्द, लोक अंडं बघायला रांगा लावताहेत, कोणी आम्लेट करील म्हणून पहारा बसवला. सायलस यंत्राचा दांडा ओढता ओढता हसत होता. हॅलटबाई हिशेबाच्या पाटीमागे तोंड लपवून हसत होत्या. मग एके दिवशी बदकाने असं अंडं घातलं की त्यावरचा शब्द पाद्र्याला वाचता येईना, कुठल्याच भाषेतला वाटेना. बिशपला कळवलं. बिशपने तीन पंडित पाठवले, अंडं फोडून आत काय आहे ते बघा म्हणून. पंडितांनी हातोडी उचलली.

आणि माझी बोटं थांबली.

चिमटीत 'घडी' हा शब्द होता. नगरशेटाच्या गाण्यात घडी कशाला येईल? मी खाली बघितलं. चिमटीतला शब्द धरून, कडेच्या चौकटीत फक्त शेवटच्या दोन ओळी उरल्या होत्या. वर नावाची मोकळी जागा, बाकीच्या सहांच्या वर होती तशीच.

"मग, काय निघालं अंड्यात?" सायलस म्हणाला.

मी काही बोललो नाही, हेच त्यांना इतकं विचित्र वाटलं की दोघं जवळ आले. हॅलटबाईंनी मांडणीकडे बघितलं, मग खिडकीच्या फळीकडे, मग माझ्या हाताकडे. शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी पाटी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, की किती गेल्या. चौदा, मी म्हटलं. त्या चौदा ओळींचे खिळे आता हजारो खिळ्यांत मिसळून गेले होते आणि त्यातले अर्धे खरजेच्या औषधात जाऊन बसले होते. सायलसचं म्हणणं पडलं की मास्तर येतील तेव्हा खरं ते सांगून टाकावं. माणूस मेला की आपण सांगतोच ना लोकांना.

"मला पाठ आहे," मी म्हटलं.

आयुष्यात मारलेली सगळ्यात छोटी थाप. तीन शब्द. दोघांनीही ती ओळखली आणि दोघांनीही मला काम करू दिलं.

चार वाजायला अजून वेळ होता. मी डोळे मिटले आणि मास्तरांचा आवाज आठवायला लागलो. पाच ओळी आल्या, जशाच्या तशा, छातीवर हात ठेवून सांगतो. नऊ आल्या नाहीत. त्यांतला कुठे एखादा शब्द, कुठे नुसती लांबी. तिच्या पायांबद्दल काहीतरी होतं. आईबद्दल काहीतरी होतं. त्या नऊ मी माझ्या पदरच्या घातल्या.

त्यातली एक, गाण्यातली नववी, अशी होती की ती लिहायला मला विचार करावा लागला नाही. केझियाने बापापासून एकच गोष्ट लपवली होती. मागल्या साली घंटेचे ठोके मोजताना आमची गडबड झाली आणि ऑयस्टर खाणाऱ्या त्या म्हाताऱ्या नगरशेटाचं गाणं छापून गेलं. केझिया ते घेऊन थेट त्याच्याच दारात उभी राहून ओरडायला लागली. खिडकी उघडली. रात्रीची टोपी घातलेला म्हातारा बाहेर वाकला, त्याने स्वतःचं मरणगाणं वरून खाली अख्खं ऐकून घेतलं आणि एक प्रत मागितली. तिने मला शपथ घातली होती की बाबांना सांगायचं नाही, त्यांना धंद्याची लाज वाटेल. ते मी ओळीत घातलं. जिवंत म्हाताऱ्याने तुझ्याकडून आपलं मरण घेतलं, आणि घेताना हसला.

चारला मास्तर आले. दाढी केलेली, गळ्याला स्वच्छ पांढरा रुमाल. सायलसने पहिला कागद काढून दिला. मास्तर तो घेऊन खिडकीशी गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. नवव्या ओळीशी पाठ थांबली.

"ओबेद, हे मी बोललो होतो?"

"हो मास्तर."

"कधी?"

"जुलैच्या सुरुवातीला. त्या दिवशी तुमच्या अंगात ताप होता."

"असेल. तापात माणूस बरंच बोलतो. म्हातारा खरंच हसला?"

"हसला. टोपी खाली पडली त्याची."

"आणि ही?"

"हिने टोपी झेलली. काठीवर अडकवून वर दिली. म्हणाली, शेटजी, डोकं झाका, पुन्हा घंटा वाजेल."

मास्तर हसले. एप्रिलपासून पहिल्यांदा. हसता हसता रुमाल तोंडाशी धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग पुढे वाचायला लागले. शेवटच्या दोन ओळींवर आले तेव्हा बोट टेकवलं. शाई ओली होती, बोटाला लागली. त्या दोन ओळी अशा होत्या:

शेवटची घडी तू घातलीस, मुली, तो कागद मी उघडत नाही;
उघडला तर आत काही नाही, हे मला कळेल.

"या दोन," मास्तर म्हणाले, आणि कागद खिडकीच्या फळीवर ठेवला.

मग ते माझ्या खणांपाशी आले. मी बाजूला झालो. त्यांना खण ठाऊक नव्हते. प्रत्येक अक्षर शोधावं लागलं, चुकीचं उचललं की परत ठेवायचे. तिच्या नावाला, शेवटचा मुका 'एच' धरून, सहा खिळे लागतात. ते त्यांनी मोकळ्या जागेत एकेक करून बसवले. मी दोरी आवळली. खाली त्यांचं नाव मी सकाळीच जुळवून ठेवलं होतं, चांगल्या मोठ्या अक्षरात, तेही जागेवर लावलं होतं. मास्तरांनी त्यावर नख ठेवलं.

"हे काढ."

"मास्तर, हे तर तुमचंच—"

"आपल्या धंद्यात करणाऱ्याचं नाव असतं का कधी?"

"पण एवढ्या वेळी तुम्ही म्हणाला होतात—"

"ओबेद." इतक्या हळू आवाजात त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती. "काढ. तिचं असू दे."

मी काढलं. खाली जागा मोकळी राहिली, कड विचित्र दिसायला लागली. कड वर सरकवून घेऊ का, असं विचारलं. ते म्हणाले, राहू दे.

सायलसने शंभर प्रती ओढल्या, एकही न बिघडवता. विकणाऱ्या पोरी दारात थांबल्याच होत्या. मूरफील्ड्सवर उन्हं कलती झाली होती, धोबिणी कपडे गोळा करत होत्या, आणि वीस-पंचवीस आवाज एकदम उठले. त्यातला एकही केझियासारखा नव्हता. सगळे मिळूनही तसा होत नव्हता. मी मास्तरांच्या शेजारी उभा होतो. म्हाताऱ्याच्या ओळीशी लोक आधी हसायचे आणि मग डोळे पुसायचे. एका धोबिणीने ती ओळ पुन्हा म्हणायला लावली. मास्तर ऐकत होते. डोळे मिटलेले नव्हते. शेवटी ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिने हे मला सांगायला हवं होतं." मी म्हटलं, हो. त्यापलीकडे आमच्यात त्या गाण्याबद्दल कधी शब्द झाला नाही.

शिशिरापर्यंत गल्लीतली निम्मी वर्तमानपत्रं गेली. मास्तर एसेक्समधल्या कुठल्याशा गावी पोरांना मुळाक्षरं शिकवायला गेले. पुन्हा एकही ओळ बोलले नाहीत, असं कळलं. त्यानंतर सातव्या वर्षी वारले. तिथल्या घंटेने नऊ ठोके दिले असतील. इकडे आम्हाला ऐकू आले नाहीत आणि त्यांचं गाणं कोणी जुळवून ठेवलेलं नव्हतं. मी करायला बसलो होतो. मला नगरशेटाचंच सुचत गेलं, म्हणून सोडून दिलं.

त्या दोन ओळी मी मोडल्या नाहीत. अजून माझ्या ट्रंकेत आहेत, त्याच दोरीत. शिसं काळं पडलंय. मास्तरांच्या त्या हरवलेल्या नऊ ओळी मात्र अजून हातात येतात. म्हणजे कधी खिळे टाकताना एखाद्या शब्दावर अंगठा अडतो आणि वाटतं, हा होता, हा त्यात होता. मग आजूबाजूचे शब्द शोधायला जावं तर बोटं रिकामी.

छापखान्यातली नवी माणसं कुठून कुठून ऐकून मला बदकाची गोष्ट सांगायला लावतात. मी सांगतोही, पाद्री, रांगा, आम्लेटचा पहारा, सगळं. तीन पंडित येतात, हातोडी उचलतात. तिथे मी थांबतो. म्हातारा आता विसरायला लागला, असं त्यांना वाटतं. त्यांना वाटू दे. त्या अंड्यात काय निघालं ते मी तेव्हा ठरवलंच नव्हतं.